हेरिंगच्या टाकीत मी काय टाकलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुला सांगतेय.

सिएटलला मी मत्स्यशास्त्रात पीएचडी करत होते. तिथल्या खाडीतून जवळजवळ नाहीसा झालेला हेरिंग — आपल्या तारलीसारखा चंदेरी मासा — पुन्हा दिसायला लागला होता. पोटभर खायला मिळालं तर पिल्लं किती वाढतात, रोगापुढे किती टिकतात, हे आम्ही लॅबमधल्या टाक्यांत बघत होतो. आम्ही म्हणजे मी आणि नागपूरचा समीर. खाद्य माझ्याकडे, सफाई त्याच्याकडे.

पिल्लं छान अंग धरत होती. आणि मग मरायला लागली. कापून पाहिलं तर हृदयावर पांढरे ठिपके. हा तर समुद्रातल्या माशांचा रोग — बंद टाकीत आला कुठून?

लॅबमध्ये जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. खाडीत मासे पकडायला जाणाऱ्या आमच्या बोटीवरचे बूट कुणी न धुता आत आणले? मीही बघत होते, सगळ्यांत जास्त मीच. समीर आज जेवताना गप्प का? माझ्या बादलीकडे का बघितलं त्याने? त्याला कळलंय का?

कारण — मला ठाऊक होतं ना. एका शनिवारी तयार खाद्य संपलं. ऑर्डर करायला मीच विसरले होते. बोटीवरून आणलेले हेरिंग फ्रीजमध्ये होते, तेच बारीक चिरून टाकले. कच्चे. कच्च्या माशातून हा रोग जातो हे माहीत नव्हतं? माहीत होतं. एकदाच तर, म्हटलं.

प्रोफेसरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नाही — असं स्वतःला सांगत आले. एवढंच म्हणाले, "बोटीवरची जाळी समीर आत आणतो." आणली होती त्याने, एकदा. स्वच्छ धुऊन. ते धुणं मी बघितलं होतं. तेवढं सांगितलं नाही.

पुढच्या सेमिस्टरला त्याची लॅबमधली जागा गेली. मास्टर्सवर थांबून तो दूर ट्रॉय नावाच्या शहरात आयटीत लागला. मासे सुटले ते सुटलेच.

परवा त्याचा फोन आला. खाडीत यंदा हेरिंग भरपूर आलेत, असं कुठंतरी वाचून खूश होता. मग म्हणाला, "यार, त्या टाक्यांचं... माझ्याच हातून काहीतरी राहिलं असणार."

मी कान टवकारले — हा मला जोखतोय का? नव्हता जोखत. त्याला खरंच तसं वाटतं.

"जाऊ दे रे," मी म्हणाले. "मी कधीच मनात धरलं नाही."

म्हणजे — मी त्याला माफ केलं.