सहा तुकडे, एक बाटली

बर्फात माल टिकवायला ठाण्याच्या अख्ख्या खाडीत माझ्यासारखा माणूस नव्हता. माझी मासळी दुपारपर्यंत वास मारायची, म्हणून तर धंदा सोडून लॅबमध्ये शिपाई झालेलो.

तेव्हा पेजरचा जमाना. आमच्या मॅडम प्रोस्टेटच्या कॅन्सरवर काम करायच्या. डोंबिवलीच्या एका हॉस्पिटलात रिटायर मास्तरांचं अख्खं प्रोस्टेट कापून काढलेलं. त्याच्या सहा जागांचे सहा तुकडे, नंबर घातलेल्या सहा बाटल्यांत, थर्माकोलच्या पेटीत. मास्तरांनी स्वतः सही करून दिलेले. मॅडम कधीपासून वाट बघत होत्या. "गरम झाले की गेले," मला आणायला पाठवताना एवढंच बोललेल्या.

परत येताना रिक्षा शिळफाट्याला अडकली. पुढे ट्रक आडवा, वर एप्रिलचं ऊन. पेटी उघडली तर नुसतं पाणी, बर्फ मूठभर. रिक्षावाला हॉर्न मारतोय.

मग डोकं चाललं. कोळ्याचं डोकं! बर्फ कमी पडला की आम्ही एका जातीची मासळी एकाच टोपलीत दाबून भरतो. इथे तर माणूस पण एकच. सहाही तुकडे एका बाटलीत ओतले, उरलासुरला बर्फ भोवती दाबला. पाच रिकाम्या बाटल्या दिल्या फेकून.

लॅबमध्ये मॅडमनी बाटलीला हात लावला.

"एकदम गार आहे," मी छाती काढून बोललो.

"बाकीच्या पाच कुठे आहेत?"

सांगितलं. मॅडम खुर्चीत बसल्याच.

"अरे, ग्रंथी एकच, पण आतला कॅन्सर सगळीकडे सारखा नसतो. डीएनएवर मिथाइलचे बारीक ठिपके बसतात. एका कोपऱ्यात दाट, दुसऱ्यात विरळ. कुठे किती, तेच तर बघायचं होतं. आता यातला कुठला तुकडा कुठला?"

मी वाकून बघितलं. बोंबील आणि मांदेली मी डोळे मिटून ओळखतो. इथे सहाही सारखेच, फिकट गुलाबी.

"हा... तीन नंबर असेल."

"असेल?"

तरी जीभ वळवळलीच. "मॅडम, मास्तरांकडून परत थोडंसं..."

"त्यांच्याकडे आता काय उरलंय काढायला?"

मॅडमनी बाटलीचं झाकण लावलं.

"बर्फ रस्त्यात विकत मिळतो. उद्यापासून पेटी नुसती उचलायची. डोकं चालवायचं नाही."