हातांनी सांगितलेलं

सरकारी दवाखान्यात माझ्या पुढे एक कर्णबधिर बाई होती. ओठ फाटलेला, मनगट सुजलेलं. "काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. ती हातांनी भराभर सांगू लागली. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "मोरीत घसरली." तिने त्याचे ओठ वाचले आणि जोरात नकारार्थी मान हलवली. "घाबरलीय," तो म्हणाला. डॉक्टर तेच लिहू लागले.

जो मारतो, त्याच्याच तोंडून आपण तिचं दुखणं ऐकून घेतो आणि वर म्हणतो, बायका बोलत नाहीत.

"डॉक्टर, त्या नाही म्हणतायत," मी म्हणाले.

तेवढ्यात नर्सबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याला बाहेर काढलं आणि मोबाइलवर खुणांची भाषा जाणणाऱ्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. "त्यांना सांगा, घाई नाही. हवं तेवढंच सांगू दे."

मीही बाहेर आले. तिथे नवरा मला म्हणाला, "तिला काही सांगता येत नाही हो."

दाराच्या काचेतून मला तिचे हात दिसत होते. ते थांबतच नव्हते.