समर्पणाच्या कागदावर मावशींची सही

जगात कुणावरच भरवसा न ठेवणारी माणसं किती असतील मला ठाऊक नाही, पण नांदेडच्या आमच्या घरमालकीण मावशी त्या सगळ्यांच्या पुढे बसतील. कंधारजवळच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहिले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळ्यांनाच घाबरायची. मावशींना जरा जास्त. आयुष्यभर नर्स होत्या. दुसऱ्याने लावलेली कडी त्या काढून पुन्हा स्वतः लावत. मी चहा नीट गाळीन यावरही त्यांचा विश्वास नव्हता. त्या कॅथलिक; प्रार्थनाही औषधासारखी देत. माझा इंग्रजीचा पेपर आला की म्हणायच्या, "तुला सकाळ-संध्याकाळ एकेक माळ चालू केली हाय. अभ्यास बंद करू नको, न्हाईतर लागू पडत न्हाई."

अशा बाईने मरियामातेला स्वतःचं समर्पण करायचं ठरवलं. त्याआधी तेहतीस दिवस वाचन आणि प्रार्थना करून तयारी करायची असते. मावशी मधेच कुणावर चिडल्या की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. दूधवाल्यापायी दोनदा, माझ्यापायी एकदा. शेवटी चर्चचे फादर हात जोडून म्हणाले, "बाई, अशानं तुमचं समर्पण वर गेल्यावरच होईल."

खरी अडचण वेगळीच होती. या समर्पणात आपल्या प्रार्थनांचं पुण्यही मातेच्या हाती द्यायचं. ते कुणाला द्यायचं हे मग तीच ठरवणार. मावशींचे यजमान दारूपायी गेले होते. ते स्वर्गाच्या अलीकडे, शुद्धिस्थानात अडकलेत आणि रोजच्या माळेने आपण त्यांना वर ओढतोय, अशी मावशींची खात्री होती.

"कवाची ओढून राहिले मी," त्या म्हणाल्या. "अर्ध्यावर आलाय आमचा माणूस. आता सोडू व्हय?"

"माता बघेल ना," मी चाचरत म्हणाले.

"बघंल. पर तिच्याकडं गर्दी लई."

ठरलेल्या दिवशी चर्चमध्ये मी मागे बसले होते. स्वतः लिहिलेला कागद वाचता वाचता मावशी 'माझं सारं पुण्यसुद्धा' इथे थांबल्या. फादरही थांबले. मग मावशींनी चष्मा पुसला आणि दुखणारं इंजेक्शन द्यावं तसं उरलेलं एका दमात वाचून सही केली.

घरी आल्यावर त्या माळ धरून नुसत्या बसल्या. यजमानांसाठी मागायला मनाई नाही, असं फादर म्हणाले होते. पण दिलं म्हणजे दिलं, हा मावशींचा खाक्या.

मला राहवेना. "मावशी, मी तर काहीच दिलेलं नाही. त्यांच्यासाठी मी मागू? तुमची प्रार्थना मला येत नाही, नुसतं नाव घेईन. काय होतं त्यांचं नाव?"

नवऱ्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला, नव्या नवरीसारख्या लाजल्या आणि माझ्या कानाशी येऊन ते सांगितलं.

आता मी लातूरला पुढचं शिकते. ते नाव रोज घेते. पोचतं की नाही, कुणाला विचारावं कळत नाही. मावशींचा फोन येतो. जेवलीस का, अभ्यास करतेस का, सगळं खोदून खोदून विचारतात. नाव घेतेस का, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.