लातूरचा उघडा माइक

हॅम रेडिओचा एक नियम बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. जो बोलत असतो, त्याला त्या वेळात काहीच ऐकू येत नाही. बटण दाबलं की कान बंद, सोडलं की तोंड बंद. आमच्या घरात हा नियम सगळ्यांना लावावा असं मला फार वाटतं, पण हा नाद घरात मला एकटीलाच आहे.

रोज सकाळी चाळीस मीटर बँडवर, म्हणजे आमच्या ठरलेल्या लहरींवर, आमची हजेरी भरते. मी नांदेडहून, एक मास्तर अहमदपूरहून, एक कापड दुकानदार बिलोलीहून आणि हजेरी घेणारे लातूरचे काका. काका निवृत्त इंजिनिअर. आम्हा सगळ्यांना या नादाला त्यांनीच लावलं. ते एकेकाला गावाच्या नावानं पुकारतात, तो चार वाक्यं बोलतो, मग काका त्याचा आवाज कसा पोचला ते सांगतात. 'पाच-नऊ' म्हणजे खणखणीत. खरं तर आमच्याकडे विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येणाऱ्यालाही पाच-नऊच मिळतं, तशी रीतच पडून गेली आहे.

दिवाळीनंतर मी हजेरीत सांगितलं की माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय. काका म्हणाले, "वा, छान! पाच-नऊ. पुढचं स्टेशन." मी हादरलेच. ते 'छान' कित्येक दिवस डोक्यातून जाईना. वयानं मोठा माणूस म्हणून गप्प बसले, नाहीतर मी सोडणाऱ्यातली नाही.

मग ती सकाळ. हजेरी संपली होती, मी चहा घेत होते आणि रेडिओ चालूच होता. एकदम स्पीकरमधून पंख्याची घरघर यायला लागली. खुर्ची सरकली, कपबशी वाजली. ही काकांची खोली, मी लगेच ओळखलं. आम्ही सगळ्यांनी रेडिओला कॉम्प्युटर जोडलेला आहे; कुणी बोललं की त्याच्या पडद्यावर पट्टा उमटतो. रेडिओ आणि कॉम्प्युटरमधली डबी घरीच सोल्डरिंग करून बनवलेली. कॉम्प्युटर अपडेट घेऊन रीस्टार्ट व्हायला लागला की ही डबी कधीकधी रेडिओचं बोलायचं बटण आपणहून दाबून ठेवते, आणि माणसाला पत्ता नसतो. माझ्या घरचं एक अख्खं भांडण कुकरच्या शिट्ट्यांसकट असंच बिलोलीपर्यंत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं विचारलं होतं, "ताई, मग शेवटी जिंकलं कोण?"

रेडिओवरून काकांना सांगणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांना मोबाइल लावला. माझ्याच फोनची रिंग माझ्याच रेडिओतून वाजायला लागली. मला हसू आलं.

"अहो, नांदेडच्या ताईचा फोन वाजून राहिलाय!" काकू जवळजवळ ओरडल्या. त्या घरात एवढ्या मोठ्यानं बोलतात हे मला माहीत नव्हतं.

"वाजू दे," काकाही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. "उचलून काय करू? तू ओरडतीस ते कळतं, फोनातलं मला काय ऐकू येणार हाय?"

"एक दिवस उघडं पडंल हे. सांगून टाका की त्यांना."

"कसं कळंल? पडद्यावर पट्टा उमटतो. थांबला की समजायचं, बोलणं संपलं. पाच-नऊ म्हणायचं, पुढं जायचं. पावसाळ्यापासून तेच करून राहिलोय. कळलं का कुणाला?"

"आन् कळलं तर?"

काकांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "तर हजेरी काढून घेतील. बहिऱ्याला कोण ठेवतंय? मग सकाळी उठून मी करू काय?"

फोन अजून माझ्या कानालाच होता. मी तो घाईघाईनं बंद केला, तशी रेडिओतली रिंगही थांबली. मग कॉम्प्युटर सुरू झाला असावा. खट् झालं आणि लातूर गप्प झालं.

ज्या 'छान'वर मी इतके दिवस जळत होते, ते म्हणणाऱ्याला माझ्या ऑपरेशनबद्दलचं एक अक्षरही पोचलं नव्हतं.

"ऐकलं का?" मास्तरांनी बँडवर हळूच विचारलं.

"लई बेकार झालं," दुकानदार म्हणाला. "पर आपण काय ऐकलंच न्हाई."

मास्तरांनी लगेच परवान्याची अट काढली. जे बोलणं आपल्यासाठी नाही, ते कानावर पडलं तरी कुणाला सांगायचं नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे सगळं आम्ही काकांच्या समोरच बोलतोय. त्यांच्या पडद्यावर आमचे पट्टे उमटत असतील आणि ते चहा पीत बघत असतील. मला माझीच शिसारी आली. मी रेडिओ बंद केला आणि दिवसभर उगाच भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी काकांनी "नांदेड" पुकारलं. मी माइक उचलला नाही. परवान्याच्या परीक्षेपुरतं शिकलेल्या मोर्सची टकटक करायची किल्ली कपाटातून काढून ठेवली होती. मोर्स कानानं ऐकतात, पण काकांच्या पडद्यावर प्रत्येक टिंब आणि प्रत्येक रेघ वेगळी दिसणार होती. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेक अक्षर करत मी पाठवलं, "काका, हे वाचता येतं का?"

काकांनी बटण दाबलं, पंखा घरघरला. मग काका म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

काल माइक उघडा राहिला होता, मी पाठवलं.

"कुणीकुणी ऐकलं?"

'सगळ्यांनी' हा शब्द मोर्समध्ये फार लांब होतो. त्यांच्यासमोर तो हळूहळू उमटत होता, पहिल्या दोन-तीन अक्षरांतच त्यांना कळला असणार, आणि मला मात्र तो पुरा करावा लागत होता. या माणसाची सकाळ मीच हिसकावून घेतली, असं मला वाटलं.

पुन्हा पंखा. मागून काकू काहीतरी ओरडल्या. काका खाकरले.

"नांदेड, मोर्स गचाळ आहे तुमचं. बिलोली, किल्लीवर या."

दुकानदाराला मोर्स येतच नाही. तो गडबडीनं माइकवर आला. "काका, मी... मला ते येत न्हाई हो, काका, माफ करा, पर तुम्ही हजेरी सोडू नका," असं काहीबाही बोलत राहिला.

तो थांबेपर्यंत काका थांबले.

"बिलोली, तुम्ही बोलून राहिलात हे दिसतंय," ते म्हणाले. "पण मला ऐकू येत न्हाई."

त्या वेळी चाळीस मीटर बँडवर जो कुणी होता, त्या प्रत्येकानं ते ऐकलं.