गप्प राहायला आलेली गायिका

माझी धाकटी बहीण कॅनडात गाते. गिटार घेऊन, स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चाल लावलेली गाणी. गेली होती शिकायला. आधी कॉफीच्या दुकानांतून गायली, मग छोट्या सभागृहांतून, मग तिचे अल्बम निघाले. गाणी इंग्रजी, पण त्यांत आमचं श्रीवर्धन असतं. बर्फातून वाट काढत लोक ती ऐकायला येतात, याचं मला अजून नवल वाटतं.

गेल्या वर्षी तिच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. साधीच होती, काढून टाकली. डॉक्टरांनी बजावलं, आधी अजिबात बोलायचं नाही, मग हळूहळू. विश्रांतीसाठी ती घरी आली.

काही सांगायचं असलं की मोबाइलवर लिहायची. आईला ते बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून मी मोठ्याने वाचायचे. एकदा तिने लिहिलं, ‘ताई, आवाज परत आला नाही तर तिकडे मी कोण?’ ते मी वाचलं नाही. आईला म्हटलं, "चहा मागतेय."

पुढे हळू बोलायची मुभा मिळाली, तरी ती बोलेना. विचारलं की हातानेच ‘उद्या’ म्हणायची. गिटार पिशवीतच होती.

एका सकाळी बागेत सुपारी उतरवणं चाललं होतं. सुपारी पाडायला चढलेला पाडेली वर एका झाडावरून दुसऱ्यावर झोका घेत होता आणि आई खाली सांडलेल्या सुपाऱ्या वेचत पुढे सरकत होती. वरून घड निसटला. तिला तो दिसलाच नाही.

"आई, मागे हो!"

आई दचकून मागे सरली. घड तिच्या पायाशी आपटला. माझ्याशेजारी उभी असलेली बहीण ओरडली होती. गळ्याला हात लावून ती मटकन खाली बसली. आई तिच्यावरच चिडली. "मला लागलं असतं तर लागलं असतं. तुझा गळा गेला म्हणजे?"

त्याच दिवशी अलिबागच्या डॉक्टरांकडे निघालो. गाडीत बहीण सारखा आवंढा गिळायची आणि दर वेळी आई माझा हात घट्ट धरायची.

डॉक्टरांनी घशात नळी घालून बराच वेळ पाहिलं. "थोडी सूज आहे, पण जखम भरलीय. आता ‘आ’ म्हणा."

तिने नकारार्थी मान हलवली.

"म्हण गं," आई म्हणाली. "कसा का येईना."

आवाज आला तो घोगरा, पूर्वीपेक्षा खालचा. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर कदाचित पूर्वीसारखे लागणार नाहीत, पण गाता येईल. ती रडली. दिलासा मिळाला म्हणून की ते सूर गेले म्हणून, ते मी विचारलं नाही.

परत गेल्यावर तिने सगळी गाणी खालच्या पट्टीत घेतली. ज्याच्यामुळे तिचं नाव झालं ते एक गाणं मात्र सोडून द्यावं लागलं. तिचा पहिला कार्यक्रम आम्ही सकाळी मोबाइलवर पाहिला. दुसऱ्या गाण्यात आवाज एका ठिकाणी फाटला. ती थांबली नाही, गात राहिली. आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

"मध्ये मध्ये पाणी पी म्हणावं तिला," एवढंच ती म्हणाली.