ॲन्सेल्म मेस्त्री आणि सोळा थाऊ

नंदाखालच्या ॲन्सेल्म मेस्त्रीला लोक भित्रा म्हणत, आणि तो होताच. दुरुस्त केलेली मोटरसायकल तो गिऱ्हाइकाच्या हातात सहजासहजी देत नसे. आधी स्वतः अर्नाळ्यापर्यंत दोन फेऱ्या मारून इंजिन चांगलं तापवायचा. मग गाडी स्टँडवर लावून स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. त्याची बायको फ्लॉसी म्हणायची, "फादरसुद्धा एवढा वेळ कुणाचं पापनिवेदन ऐकत नाहीत."

या भीतीला कारण होतं. विशीच्या आत तो मुंबईला लालबागच्या एका गॅरेजात कामाला होता. तिथून सकाळी दुरुस्त होऊन गेलेली एक गाडी संध्याकाळी हातगाडीवरून परत आली. भर वेगात इंजिन लॉक झालं होतं, मागचं चाक जागीच थांबलं होतं आणि चालवणारा फेकला गेला होता. तो माणूस वाचला नाही. त्या इंजिनावर तिघांनी काम केलं होतं आणि त्यातला एक ॲन्सेल्म. चूक कोणाची, हे कोणी शोधलं नाही. मालकाने चहा मागवला आणि सगळ्यांना पुन्हा कामाला लावलं. पुढे गावी येऊन ॲन्सेल्मने घरामागच्या केळीच्या वाडीत पत्र्याची शेड घातली, पण ती संध्याकाळ त्याच्याबरोबर आली.

एप्रिल १९८४ मध्ये बर्नार्ड मास्तरांची गाडी त्याच्याकडे आली. अडीचशे सीसीची जुनी टू-स्ट्रोक. बर्नार्ड त्याच्याच वर्गातला, आता शाळेत गणित शिकवायचा. गाडी खडखड वाजत होती. ॲन्सेल्मने इंजिन उघडलं आणि मान हलवली. "क्रँक गेला, मास्तर. पिन खाल्लीय, बेअरिंगचा चुरा झालाय."

"म्हणजे गाडी मेली?"

"मेली नाही. पण पोट फाडावं लागेल."

या गाड्यांचा क्रँक म्हणजे दोन जड लोखंडी चकत्या आणि त्यांना जोडणारी एक पिन. पिनीवर बेअरिंग, बेअरिंगवर पिस्टनकडे जाणारा रॉड. नट नाही, बोल्ट नाही. पिन चकत्यांमध्ये प्रचंड दाब देऊन ठोसलेली असते आणि त्या घट्टपणावर सगळं चालतं. नवीन पिन बसवताना रॉड आणि चकती यांच्यामध्ये बारीक फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की लोखंड फुगतं. फट कमी पडली तर रॉड चकतीला घासतो, तेल आत शिरत नाही, आणि मग एका क्षणी सगळं अडकतं. ॲन्सेल्म ही फट सोळा थाऊ ठेवायचा. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

ही फट मोजायला पोलादी पात्यांचं गेज मिळतं. ॲन्सेल्मकडे होतं, पण आमच्या खाऱ्या हवेत त्याची पाती गंजून एकमेकींना चिकटली होती. म्हणून त्याने स्वतःची युक्ती काढली होती. आमच्याकडे माणूस गेलं की महिन्याने चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होतो आणि तेव्हा त्याचं स्मरणकार्ड वाटतात. एका बाजूला फोटो आणि तारखा, दुसऱ्या बाजूला प्रार्थना. गावातली सगळी कार्डं वर्षानुवर्षं एकाच छापखान्यात, एकाच जाड कागदावर छापली जात. ॲन्सेल्मने एकदा वसईला एका लेथवाल्याकडे मायक्रोमीटरने मापून पाहिलं होतं: बरोबर सोळा थाऊ. तेव्हापासून तो कार्डाच्या कडेची कोरी पट्टी कापून फटीत धरायचा, जॅकने चकत्या दाबायचा, आणि पट्टी जेमतेम सुटेल इतक्यावर थांबायचा.

फ्लॉसीला हे आवडत नसे. "मेलेल्या माणसाचं कार्ड कापतोस?"

"प्रार्थनेला हात लावत नाही. कड घेतो फक्त."

"उद्या तू गेलास की तुझ्या कार्डाला कडच ठेवायला नको. कापून कुठल्या इंजिनात घालतील."

त्या आठवड्यात शेजारचे पास्कलबाबा जाऊन महिना होत आला होता. रविवारच्या मिस्सेचं सांगायला आलेली त्यांची सून कार्डही देऊन गेली होती. गुरुवारी ॲन्सेल्मने ग्रीसने माखलेल्या बोटांनी, न पाहताच, त्याचीच कड कापली, रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यांतून केलेल्या चौकटीत ट्रकचा जॅक लावून क्रँक दाबला, लेथवर सरळ करून आणला. रॉड बोटाने फिरवला, तो फिरला. शनिवारी गाडी सुरू झाली, आवाज गोड होता. अर्नाळ्याच्या दोन फेऱ्या तेवढ्या राहिल्या. त्या रविवारी मिस्सेनंतर मारायच्या असं ठरवून त्याने किल्ली खिळ्याला अडकवली.

रविवारी चर्चमध्ये तो भिंतीच्या पंख्याजवळ बसला होता. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने प्रार्थनेच्या पुस्तकातून दोन कार्डं काढून शेजारी ठेवली, एक तिच्या नवऱ्याचं, जुनं, आणि एक पास्कलबाबांचं. पंख्याचा झोत फिरून आला. जुनं कार्ड जागचं हललं नाही. पास्कलबाबांचं कार्ड उडालं आणि ॲन्सेल्मच्या पायाशी येऊन पडलं.

त्याने ते उचललं. दोन बोटांत धरल्याबरोबर ते नोटेसारखं वाकलं. खाली छापखान्याचं नाव दुसरंच होतं, विरारच्या कुठल्यातरी नव्या छापखान्याचं. पाच थाऊ. फार तर सहा. अंगठ्याला कळत होतं, मायक्रोमीटरची गरज नव्हती.

फादर वेदीवर होते, सगळे गुडघ्यांवर. ॲन्सेल्म उभा राहिला आणि चर्चच्या बाहेर पडला. बायकांनी माना वळवून पाहिलं. सायकलवर बसताना तो स्वतःला समजावत होता की गाडी शेडमध्ये आहे, किल्ली खिळ्याला आहे, फक्त क्रँक पुन्हा उघडावा लागेल, बाकी काही नाही.

शेडमध्ये दुसऱ्या दोन गाड्या होत्या, दोन्ही उघडलेल्या. बर्नार्डची गाडी नव्हती.

"मास्तर घेऊन गेले," फ्लॉसी भांडी घासता घासता म्हणाली. ती पहाटेच्या मिस्सेला जाऊन आली होती. "म्हणाले, मेस्त्रीने रविवारी ये म्हणून सांगितलंय. चांदीपला त्यांच्या दोस्ताच्या वाडीवर आंबे आणायला गेलेत. लुसी पण होती मागे, नवा फ्रॉक घालून."

लुसी बर्नार्डची मुलगी. नऊ वर्षांची.

"कधी?"

"झाला अर्धा तास. काय झालं? तोंड का असं?"

"फट कमी राहिलीय."

फ्लॉसीला त्यातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग इथं काय उभा आहेस?"

चांदीप पूर्वेला, विरारचं रेल्वेचं फाटक ओलांडून, हायवेच्याही पलीकडे. अर्धा तास पुढे गेलेली मोटरसायकल सायकलने गाठता येत नाही, हे ॲन्सेल्मला माहीत होतं. तरी तो निघाला. निदान परत येताना तरी अडवता येईल. परत आला तर.

पायडल मारताना त्याचं डोकं हिशेब करत होतं आणि हिशेब थांबवता येत नव्हता. पहिले चार-पाच किलोमीटर काही होणार नाही, इंजिन थंड असतं. विरारच्या बाजारात गर्दी, वेग कमी, तिथेही चालून जाईल. मग हायवे. मोकळा रस्ता, मास्तर चाळीस-पन्नासने जाणार. मग चांदीपच्या अलीकडचा चढ, दोन माणसं, दुसरा गिअर, इंजिन लालबुंद. तिथेच. आधी बारीक किणकिणल्यासारखा आवाज येईल. ऐकणाऱ्याने त्या क्षणी क्लच दाबला तर चाक सुटं होतं, माणूस वाचतो. पण गणिताच्या मास्तराला तो आवाज कसा कळणार? आणि फ्रॉक घातलेली मुलगी मागे बसते तेव्हा धरते कशाला? त्याला काही आठवेना. त्या सीटला धरायचा पट्टा होता की नव्हता?

विरारला फाटक बंद होतं. आगगाडी जाईपर्यंत तो एका पायावर उभा राहिला. त्याने फाटकवाल्याला विचारलं, "मोटरसायकलवर एक मास्तर, मागे छोटी मुलगी. गेले का?"

"गेले की मघाच. पोरगी हात करून गेली मला." फाटकवाला हसला. "काय, पैसे बुडवून पळाला काय?"

फाटक उघडल्याबरोबर ॲन्सेल्मने सायकल पुढे काढली.

हायवेच्या पुढे तो रस्त्याकडेच बघत राहिला. काळा चट्टा, तेलाचा डाग, फुटलेली काच, फ्रॉकचा रंग. समोरून येणारी प्रत्येक बैलगाडी त्याला हातगाडी वाटत होती. एका ठिकाणी रस्त्यावर लाल काहीतरी पसरलं होतं. तो उतरला, सायकल हातातून पडली. कोणाच्यातरी टोपलीतून सांडलेली करवंदं चाकाखाली चिरडली होती.

टेकडीचा चढ तो सायकल ढकलत चढला. उताराच्या मध्यावर मोटरसायकल उभी होती. स्टँडवर, सरळ. जवळ कोणी नव्हतं.

"मास्तर!" तो ओरडला. आवाज फाटला. "बर्नार्ड!"

"इथे आहे रे," जांभळाच्या सावलीतून उत्तर आलं. बर्नार्ड बूट काढून बसला होता. लुसी शेजारी दगडावर बसून पाव खात होती. "बघ तुझी गाडी. चढ चढली, मग बारीक कुईकुई करायला लागली आणि उतारावर मेली. किकच हलत नाही. गिअर काढलेला होता म्हणून आपली घरंगळत आली इथपर्यंत."

"गिअर काढलेला होता?"

"उतार आला की मी काढतोच. पेट्रोल वाचतं. तू शिव्या देतोस त्यावर."

ॲन्सेल्म रस्त्यात बसला. या एका चिकटपणावरून त्याने बर्नार्डला दहा वेळा झापलं होतं, आणि त्या चिकटपणानेच मागचं चाक सुटं राहिलं होतं.

"जुनं इंजिन आहे, त्याला तू तरी काय करणार?" बर्नार्ड म्हणाला. "उन्हात एवढा का आलास पण?"

इथे गप्प राहता आलं असतं. जुनं इंजिन. बर्नार्डने स्वतःच कारण हातात दिलं होतं. ॲन्सेल्मने लुसीकडे बघितलं. तिच्या गुडघ्यावर पावाचे कण पडले होते.

"इंजिन नाही. मी. फट कमी ठेवली. मापाचं कार्ड पातळ निघालं. लॉक झालंय ते. गिअरमध्ये असतं तर..." तो थांबला. पुढचं मुलीसमोर बोलवेना.

बर्नार्ड त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने चढाकडे बघितलं, मग उताराकडे. हळूहळू त्याला ते समजत गेलं, आणि समजत जाताना त्याने लुसीचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की ती म्हणाली, "पप्पा, दुखतंय."

शेवटी बर्नार्डने बूट घातले. मोटरसायकलची किल्ली काढून ॲन्सेल्मच्या हातात दिली.

"दुरुस्त कर. पण झाल्यावर मला देऊ नकोस. महिनाभर तू चालव. रोज. माझ्या दारावरून जा, म्हणजे मला दिसेल."

त्याने ॲन्सेल्मची सायकल उचलली, लुसीला कॅरिअरवर बसवलं आणि चांदीपकडे निघाला. मुलगी मागे वळून ओरडली, "मेस्त्री, आता तुम्ही घरी कसे जाणार?"

तो अडीचशे सीसी ढकलत घरी आला. चार तास लागले.

मुंबईहून त्याने नवं गेज मागवलं. पाती तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. क्रँक तिसऱ्यांदा दाबला तेव्हा त्याचं समाधान झालं, फट सोळा थाऊ, चारही बाजूंनी मोजून. मग मे संपेपर्यंत रोज संध्याकाळी नंदाखालच्या लोकांनी पाहिलं: ॲन्सेल्म मेस्त्री पांढऱ्या चेहऱ्याने अर्नाळ्याला चाललाय, डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर, मान इंजिनाकडे कललेली. पोरं मागून ओरडायची, "मेस्त्री, अजून जिवंत?" तो मान हलवायचा.

महिना भरला त्या दिवशी बर्नार्डने हात पुढे केला आणि किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ॲन्सेल्म शेड बंद करून रस्त्यावर येऊन उभा राहिला. बर्नार्ड आगाशीला गेला होता, एकटाच. फ्लॉसीने दोनदा जेवायला हाक मारली. आगाशीच्या बाजूने गाडीचा आवाज आला, जवळ आला, समोरून गेला, आणि मास्तरांच्या दाराशी बंद झाला. तेव्हा तो आत गेला.