लाइट गेल्यावरच्या काकू

शेजारच्या काकू आधी अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलता सोलता भिंतीपलीकडून माझ्याशी बोलायच्या. आवाज खणखणीत, आणि हसू आलं की मांडीवरचं टोपलं घसरायचं. पांढुर्ण्यात त्या एकट्याच राहतात, म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं काळजीपोटी दारावर कॅमेरा लावून दिला. मुलगा पाहतो ते ठीक. पण सौंसरच्या भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या मोबाइलवरही तेच अंगण दिसतं आणि ऐकूही येतं.

भासऱ्यांसमोर काकू कधी उघड्या डोक्यानं गेल्या नाहीत. त्यामुळे आता तुळशीला पाणी घालतानाही डोक्यावर पदर असतो आणि बोलणं कुजबुजल्यासारखं. "काढून टाका ना तो कॅमेरा," मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "जीव लावते पोरगा, म्हणून बसवला त्यानं. कसा काढू, सांग?"

परवा दुपारी लाइट गेली. कॅमेऱ्याचा दिवा विझलेला पाहून काकूंनी धुतलेले केस मोकळे सोडले, उन्हात ऐसपैस बसल्या आणि हाक मारली, "लाइट गेली वं, ये लवकर." भासऱ्यांच्या चालण्याची नक्कल करताना त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात घरातला फ्रीज घुरघुरला. हसणं अर्ध्यावर राहिलं आणि काकूंचा हात पदराकडे गेला.

लाइट गेली की मी आधी चिडायचे. आता ती जायची वाट पाहते.